वरच्या बाईंचं अळणी वरण

माझ्या हाताला चव आहे हे मी स्वतःच्या तोंडानं सांगायची गरज नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. क्लाससाठी आलेली, बँकेत नवीन लागलेली, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करून करून चष्म्याचा नंबर वाढवून बसलेली, सगळी माझ्याकडं जेवून गेलीत. खालच्या मजल्यावरच्या आमच्या तीन खोल्या आणि पुढं पत्र्याची शेड, एवढीच माझी खानावळ. दुपारी चाळीसएक ताटं, संध्याकाळी तेवढीच. नोकरी लागून पुण्याला गेलेला पोरगा जोतिबाला आला की डोंगर उतरून सरळ माझ्या शेडमध्ये येतो आणि म्हणतो, "मावशी, देव झाला, आता रस्सा." असं कुणी म्हटलं की माझी मान ताठ व्हायची. खोटं कशाला बोलू, अजून होते.

अशी मी. आणि दोन वर्षांपूर्वी मी जळत होते कुणावर, तर वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या एका बाईवर, जिला धड वरण करता येत नाही.

बाई चंदगडकडच्या. एका शाळेत गणित शिकवतात, पन्नाशीच्या आसपास, एकट्या. गल्लीत त्यांना सगळे 'बाई'च म्हणतात, मीही तेच म्हणते. मनातल्या मनात त्या दिवसांत काय म्हणत होते ते इथं लिहीत नाही. स्वभावानं भली बाई, पण स्वयंपाकात एकदम ढ. त्यांच्या घरातनं दूध करपल्याचा वास रोज जिन्यानं खाली येतो. वरणाला फोडणी नाही, भाजीला तिखट नाही, मीठ म्हणजे आठवलं तर. पहिल्यांदा राहायला आल्या तेव्हा मी माणुसकी म्हणून डबा पाठवला होता. डबा रिकामा परत देऊ नये म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी त्यात दोडक्याची भाजी घालून दिली. मी एक घास खाल्ला आणि नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं.

माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची, चौथीत. एकुलती एक. लहानपणापासून खाण्याची तक्रार कसली ती नाही. भाकरी कुस्करून रश्श्यात बुडवून खायची, वर लिंबू पिळून मागायची. ती दिवाळीनंतर खायची कमी झाली. आधी अर्धी भाकरी, मग चतकोर, मग ताटात नुसती बोटं फिरवणं. घास तोंडात घ्यायची आणि गालात धरून बसायची. पाच पाच मिनिटं गिळायची नाही. "गीळ की गं!" म्हटलं की डोळ्यांत पाणी, आणि उठून मोरीत थुंकून यायची. शाळेचा डबा जसा जाई तसा परत येई. स्कर्ट कमरेवरनं खाली यायला लागला म्हणून मी पिन लावली. महिन्याभरानं दुसरी पिन लावली.

मी काय म्हणून करायचं बाकी ठेवलं? पांढरा रस्सा तिच्यापुरता वेगळा केला. मोबाईलवर बघून तव्यावर पिझ्झा भाजला. पुरणपोळी केली, सण नाही वार नाही. नजर काढली, मिरच्या चुलीत तडतडल्या, ठसका सगळ्या शेडला लागला. आणि रोज ताट वाढलं की समोर बसून विचारायचं, "कसं झालंय? आवडलं? मग खाईनास का?" शेडमध्ये पोरं बोटं चाटत होती आणि आत माझी स्वतःची पोरगी गालात घास धरून माझ्याकडं बघत होती. एकानं तर विचारलंच, "मावशी, छोटी आजारी हाय काय?" मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

शाहूपुरीतल्या मुलांच्या डॉक्टरांकडं नेलं. रक्त तपासलं, पोट तपासलं, जंताचं औषध दिलं. सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी विचारलं, "घरी जेवताना काय काय होतं?" मी त्यांना अख्खा मेनू सांगितला. सोमवारी काय, बुधवारी काय, रविवारी मटण किती. ते ऐकत राहिले. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं, कारण माणसानं विचारलं काय आणि मी सांगितलं काय.

मग तो शनिवार. पोरगी गणिताचं काहीतरी विचारायला म्हणून वर गेली होती. दोन वाजून गेले तरी येईना, म्हणून हाक मारायला मी जिना चढले. बाईंचं दार उघडंच होतं. बाई खाली बसून वह्या तपासत जेवत होत्या. ताट एका बाजूला, वह्यांचा ढीग दुसऱ्या बाजूला, लाल पेन कानावर. आणि माझी लेक त्यांच्याकडं पाठ करून खिडकीत बसली होती, मांडीवर ताटली घेऊन, शेजारच्या पत्र्यावरची मांजरं बघत. वरणभात खात होती. पिवळंधमक, फोडणी नसलेलं ते वरण, आणि गचका झालेला भात. कालवत होती, खात होती, बोटं चाटत होती. ताटली संपली तशी उठली, कुकरमधनं आपल्या हातानं भात घेतला, परत जाऊन बसली. बाईंनी मान वर केली नाही.

आई म्हणून मला आनंद व्हायला पाहिजे होता. पोर खातंय, देवा तुझे उपकार, असं म्हणून मी परत फिरायला पाहिजे होतं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरा भात! माझ्या घरात चार घास गिळायला जिला अर्धा तास लागतो, तिनं तिथं आपल्या हातानं दुसरा भात घेतला! मी काय विष कालवते काय? नवऱ्यानं दुसरी बाई ठेवली असती तरी मला एवढं लागलं नसतं, असं मला त्या पायरीवर उभं राहून वाटलं, आणि हे मी आज जसंच्या तसं लिहिते. मी हाक न मारताच खाली आले आणि कणीक अशी तिंबली की परातच सरकत भिंतीला गेली.

संध्याकाळी विचारलं, "जेवलीस काय वर?"

"थोडा भात खाल्लो," ती म्हणाली. आमच्या कोल्हापुरात पोरी काय आणि आज्ज्या काय, 'खाल्लो, आलो, जातो'च म्हणतात.

"आणि वरण?"

"साधंच होतं."

"माझ्यापेक्षा चांगलं होतं व्हय?"

तिनं मान खाली घातली. खोटं तरी बोलायचं की बाळी! एवढंसं 'न्हाय आई' म्हणायला काय जात होतं? पण ती गप्प राहिली आणि मी रात्रभर कूस बदलत राहिले.

नवरा उद्यमनगरात लेथवर. लोखंडाबरोबर राहून त्याचं बोलणंही तसंच झालंय. मी सगळं सांगितल्यावर म्हणाला, "जेवतीया न्हवं? कुठं का जेवंना! तुझ्या पोटात का दुखाय लागलंय?"

"माझ्या पोटात न्हाय दुखत."

"दुखतंय. दिसतंय की तोंडावर."

दुसऱ्या दिवशी मी पोरीला सांगितलं, आजपासनं वर जायचं नाही. बाईंना त्रास होतो, त्यांच्या वह्या राहतात, लोक काय म्हणतील, मिळतील ती कारणं जोडली. खरं कारण एकच होतं. मला वाटलं, तिथलं दार बंद झालं की भूक लागल्यावर येईलच माझ्याकडं. कुठं जातीय! ती वाद घालणारी पोर नाही. "बरं," म्हणाली. आणि तीन दिवस तिनं जवळपास काही खाल्लं नाही. दूध अर्धा कप, बिस्किट एखादं. मीही हट्टाला पेटलेली. चौथ्या दिवशी शाळेतनं फोन आला, प्रार्थनेला उभी असताना पोरगी पडली म्हणून.

सलाईन लावलेला तिचा तो हात मी विसरणार नाही. मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं. डॉक्टर या वेळी मेनू ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते. म्हणाले, "हिच्या पोटाला काही झालेलं नाही. हिच्या मनात जेवणाची भीती बसलीय. कशाची भीती, ते कळल्याशिवाय माझी औषधं उपयोगाची नाहीत. वजन आणखी उतरलं तर दाखल करून घ्यावं लागेल." मग मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. मला राग आला. जेवणाची भीती? खानावळवालीच्या पोरीला? पाण्यात राहून माशाला पाण्याची भीती वाटेल का, असं मी नवऱ्याला रिक्षात म्हटलं. पोरीचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं.

आता मी पुढं जे केलं ते ऐकून तुम्ही हसाल. खुशाल हसा.

रविवारी संध्याकाळी खानावळ बंद असते. त्या संध्याकाळी मी ठरवून वाईट स्वयंपाक केला. मला वाटलं, पोरीला अळणी आवडतंय ना, तर घे अळणी. बाई जे करते ते मी करू शकणार नाही होय? तुम्हाला वाटेल सोपं आहे. नाही हो. वीस वर्षांचा हात, आपोआप मिठाच्या डब्याकडं जात होता, तो मी दोनदा मागं ओढला. डाळ अर्धवट शिजू दिली. फोडणी नाही, हिंग नाही, कोथिंबीर नाही. भातात पाणी जास्त घातलं. पातेल्यात बघून मलाच कसंतरी झालं. तरी तेच ताटात वाढलं, तिच्यापुढं ठेवलं आणि नेहमीसारखी समोर बसले, हनुवटीला हात लावून. ताट वाढलं की खाणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं ही माझी सवयच. चाळीस तोंडं रोज बघते मी.

तिनं कालवलं. एक घास घेतला. आणि थांबली. घास गालात तसाच. माझ्या तोंडाकडं बघायला लागली आणि बघता बघता तिच्या तोंडावरचा रंग उतरला.

"खा की," मी म्हटलं. "बाईंच्यासारखं केलंय."

"आई," ती कशीबशी म्हणाली, "काय म्हणू?"

"काय म्हणू म्हणजे?"

"मीठ न्हाय. म्हणजे मला तसं लागतंय. पण बरोबर असंल. मला कळत न्हाय. तूच सांग की मी काय म्हणू ते." आणि गालातला घास ताटात पडला, आणि ती रडत रडत म्हणाली, "परत वाचाय लावू नको, आई. मी बरोबर सांगतो. परत वाचाय लावू नको."

वाचायला? काय वाचायला? मला पहिल्यांदा काही कळेना. तिला कुशीत घेऊन बसले, पाठीवरनं हात फिरवला, पाठीचे मणके हाताला लागत होते. आणि मग हळूहळू दिवाळीआधीचा तो शुक्रवार माझ्या डोक्यात वर यायला लागला.

माझा मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचा उपवास. लग्नाच्या आधीपासनं. उपवासाच्या दिवशी मी मीठ बघणार कशी? खानावळीचं कालवण चाखल्याशिवाय वाढता तर येत नाही. पूर्वी सासूबाई बघायच्या. त्या गेल्यावर पोरगी बघायला लागली, पाच वर्षांची असल्यापासनं. मी पळीनं चार थेंब तिच्या तळहातावर घालायची, ती चाटायची, डोळे मिटून विचार करायची आणि एखाद्या मोठ्या माणसासारखी म्हणायची, "चिमूटभर पाहिजे." आणि खरोखर चिमूटभरच पाहिजे असायचं! मला कोण कौतुक. येईल जाईल त्याला सांगायची, माझी लेक म्हणजे माझी जीभ. दोन दिवसांचं ते काम मग रोजचंच झालं. शाळा अकराची, साडेनऊला तळहात पुढं करून उभी राहायची.

त्या शुक्रवारी अख्खा मसूर होता. तिनं चाखला, "बरोबर हाय" म्हणाली आणि शाळेला गेली. दुपारी पोरांनी पहिला घास घेतला आणि सगळी शेड गप्प झाली. खारट! घशाखाली उतरेना असा. कितीतरी ताटं तशीच उठली. माझ्या खानावळीत असं कधी झालं नव्हतं. मेनू कळवायला आमचा मोबाईलवर ग्रुप आहे, त्यावर दुपारभर मेसेज येत राहिले. संध्याकाळी पोरगी शाळेतनं आली तेव्हा माझे हात कणकेत, डोळ्याला चष्मा नाही, डोकं तापलेलं. मी मोबाईल तिच्यापुढं सरकवला. "वाच."

तिनं वाचलं. "मावशी, आज मिठाचं पोतं फुटलं काय?" पुढचा. "मावशी, पाण्याची टाकी संपली आमची." पुढचा वाच. हसणारी तोंडं किती आहेत तेपण सांग. एकेक करत सगळे वाचायला लावले मी तिला. मध्ये तिचा आवाज बारीक झाला तर "मोठ्यानं!" म्हणाले. आणि शेवटी म्हणाले, "बरोबर हाय म्हणालीस न्हवं सकाळी? जिभेला काय रोग आलाय काय तुझ्या? तुझ्यामुळं माणसं उपाशी उठली आज."

एवढं बोलले आणि संध्याकाळच्या भाजीला लागले. रात्री जेवणं झाल्यावर मी ते विसरूनही गेले. माझा राग असाच, उकळी येते आणि जाते. सकाळी परत पळी घेतली आणि म्हटलं, "ये गं, हात कर." ती आली. रोज येत राहिली. तळहात पुढं करायची आणि चाटताना माझ्या तोंडाकडं बघायची. मी म्हणायची, "आज बरोबर सांग हां." गमतीनं म्हणायची हो!

त्या रविवारी कुशीतनं ती म्हणाली, "आई, मी चाखलो तेव्हा बरोबर होतं."

"आं?"

"मग गॅसवाला आला. तू त्याला 'पावणं, टाकी आत आणून द्या की' म्हणत होतीस. बोलता बोलता तू परत मूठभर मीठ टाकलीस. मी बघितलो."

मला तो गॅसवाला आठवला. दारात सायकलमध्ये अडकलेली त्याची टाकी आठवली. हात मात्र आठवेना. पण त्या हाताला मी ओळखते. तो आपोआप जातो.

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तू बोलत होतीस. आणि मला वाटलं, तुला ठाऊक असंल. तू चुकत न्हाईस न्हवं."

आई चुकत नाही, म्हणजे आपलीच जीभ बिघडलीय, असं समजून ती पोर सहा महिने जगत होती. सहा महिने प्रत्येक घास तोंडात घेऊन विचार करत होती, हा बरोबर की चूक, आई काय म्हणेल, आता काय वाचावं लागेल. तिच्या घशातनं अन्न खाली उतरणार तरी कसं? आणि एवढं सगळं कळल्यावर, पोर माझ्या मांडीवर रडत असताना, माझ्या तोंडातनं पहिला प्रश्न कुठला गेला माहीत आहे?

"हे आणि कुणाला सांगितलीस?"

"बाईंना."

बघा, तिथंसुद्धा मला झोंबलं. लाज वाटते सांगायला, पण झोंबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी शाळेत असताना मी वर गेले. भांडायलाच गेले होते. बाईंची शाळा सकाळची, त्या वाळत घातलेल्या साड्या काढत होत्या. मी दारातच म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं. मला का नाही सांगितलं? माझी पोर आहे ती."

"तिनं सांगू नका म्हटलं होतं," बाई म्हणाल्या. "मी तिला म्हणत होते, आईला तूच सांग. पण ती पडली तेव्हा मी स्वतः सांगायला हवं होतं. तिथं माझं चुकलं."

भांडायला आलेल्या माणसापुढं समोरच्यानं चूक कबूल केली की पंचाईत होते. मी साडीचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही घडी घातली. मग मला जे विचारायचं होतं ते विचारलंच. "तुमच्यात ती जेवते कशी हो? काय करता तुम्ही?"

बाई हसल्या. "मी काय करणार? माझ्या हातचं कसं झालंय हे विचारायची माझी छातीच नाही. विचारलं तर कुणीतरी खरं सांगेल! ती पहिल्यांदा जेवायला बसली तेव्हा म्हटलं, मीठ विसरले असेन, तिथं बरणी आहे, लागेल तेवढं घे. एवढंच. तिनं घेतलं आणि जेवली."

मिठाची बरणी. माझ्या शेडमध्ये कुणी वरनं मीठ मागितलं तर मी ते अपमान समजायची. एकदा एका पोरानं मागितलं होतं, त्याच्यापुढं मी डबा असा आपटला होता की परत कधी त्यानं तोंड उघडलं नाही.

त्या आठवड्यात मी काही गोष्टी केल्या. महाद्वारातनं आत गेले आणि अंबाबाईपुढं हात जोडून सांगितलं, उपवास करीन, पण मीठ आता मीच बघणार, थेंबभर जिभेवर ठेवून चूळ भरीन. तुला चालायचं तर चालवून घे. दुसरं म्हणजे शेडमध्ये प्रत्येक टेबलावर मिठाची वाटी ठेवली. ठेवताना हात जड झाला होता. तिसरं, ग्रुपवर स्वतःच्या आवाजात मेसेज टाकला, की त्या शुक्रवारचा मसूर खारट झाला होता तो माझ्या हातनं झाला होता, मीठ मीच दोनदा घातलं होतं. पोरीला शेजारी बसवून टाकला. थोड्या वेळानं उत्तरं आली. "मावशी, कुठला मसूर?" "कधी खारट झाला होता?" त्या चाळीस माणसांतल्या एकालाही तो मसूर आठवत नव्हता. पोरीनं ती उत्तरं स्वतःहून उचलून वाचली, मनातल्या मनात, आणि फोन माझ्याकडं परत दिला.

तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर ती धडाधड जेवायला लागली असेल. तसं होत नाही. डॉक्टरीणबाईंकडं आम्ही दर आठवड्याला जात राहिलो. त्या पोरीशी चित्रं काढत बोलायच्या आणि मला शिकवायच्या. ताटाकडं बघायचं नाही. कसं झालंय विचारायचं नाही. खाल्लं म्हणून शाबासकी नाही, टाकलं म्हणून सुस्कारा नाही. सुस्कारासुद्धा नाही! मला ते इतकं अवघड गेलं की सांगता सोय नाही. डोळे आपोआप तिच्या ताटात जायचे. शेवटी मी युक्ती काढली. बाईंच्यात ती खिडकीकडं तोंड करून बसायची, तर इथं मी गॅसकडं तोंड करून बसायला लागले. तिच्याकडं पाठ करून. माझं ताट ओट्यावर, तिचं खाली पाटाशी. मागनं आवाज तेवढे यायचे. भाकरी मोडल्याचा, वाटी सरकल्याचा. कधी कधी बराच वेळ कसलाच आवाज यायचा नाही, तेव्हा माझा जीव वरखाली व्हायचा, पण मी मान वळवली नाही.

आणि ती परत वर जायला लागली. मी अडवलं नाही. जिन्यात तिच्या पायांचा आवाज आला की आजही माझ्या काळजाला चिमटा बसतो. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं होतं, हे जाईल का कधी? त्या म्हणाल्या, तुम्ही पोरीला अडवत नाही ना, मग राहू दे थोडं. काही महिन्यांनी तिच्या स्कर्टच्या दोन पिनांतली एक निघाली, ती मी माझ्या बांगडीत अडकवून ठेवली.

परवाचीच गोष्ट. शनिवार, शेडमधली ताटं उठली होती. मी ओट्यापाशी पाठ करून जेवत होते, आमटी आणि भात. पोरगी वरनं आली. आता सहावीत आहे, उंची वाढलीय. मागं पाट सरकवल्याचा आवाज आला.

"बाईंच्यात पण आज आमटीच होती," ती म्हणाली.

माझे कान टवकारले. "व्हय?"

"व्हय. मीठ दोनदा घातल्या त्या. विसरून."

भाताचा घास माझ्या हातात तसाच राहिला. "मग?"

"मग काय! खारट झाली होती लई. आम्ही दोघी हसलो, पाणी घातलो आणि खाल्लो."

मी भिंतीकडं बघत राहिले. एवढंच. एवढंच करायचं होतं त्या शुक्रवारी, मला सुचलं नाही.

"आई," मागनं आवाज आला, "मला पण वाढ की."

मी ताट केलं, पाठीमागं हात करून दिलं. तिनं घेतलं. कालवल्याचा आवाज आला, भुरका मारल्याचा आवाज आला, मग परत एकदा. माझी कशी झालीय, हे विचारायला माझं तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं आणि मागं न बघता मिठाची वाटी तिच्याकडं सरकवली.